मोटरसायकलवर बसलेल्या कुत्र्याला काय जाणवतं?

छोट्या कुत्र्याला मोटरसायकलवर न्यायचं म्हटलं की पहिली धास्ती वाटते ती वळणाची. गाडी एका बाजूला कलणार आणि कुत्रा घसरून पडणार, असंच कोणालाही वाटतं. प्रत्यक्षात वळण हा त्याच्यासाठी सगळ्यात सोपा भाग आहे. या बाबतीत दुचाकी चारचाकीपेक्षा उजवी ठरते. चारचाकी वळताना जवळजवळ सपाटच राहते, त्यामुळे मागच्या सीटवरचा कुत्रा बाहेरच्या बाजूला सरकत जातो. दुचाकीला तोल राखण्यासाठी कलावंच लागतं, तेही नेमकं इतकं की गुरुत्वाकर्षण आणि बाहेरची ओढ यांची बेरीज सरळ सीटच्या दिशेने दाबली जावी. टाकीवर पाण्याने भरलेला पेला ठेवला, तर एकसारख्या वेगाच्या वळणात पाणी पेल्याच्या काठाला समांतरच राहील. कुत्र्याचंही तसंच होतं. त्याला बाजूला ढकललं जात नाही, फक्त अंग थोडं जड झाल्यासारखं वाटतं. गाडी ३० अंश कलली, तर ५ किलोच्या कुत्र्याच्या पायांवर सुमारे पावणेसहा किलोंचा भार येतो.

खरा त्रास ब्रेकचा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की गाडीचा वेग ज्या दराने घटतो, तो गुरुत्वीय त्वरणाच्या सात-आठ दशांशापर्यंत सहज जातो. अशा वेळी कुत्र्याला पायाखालची फळी अचानक ३५ अंशांहून जास्त पुढे उतरती झाल्यासारखी वाटते. जवळून पाहिलं तर त्याची सगळी धडपड दिसते. पुढच्या पंजांची बोटं फाकतात, नखं गादीत रुततात, मागचे पाय पोटाखाली सरकतात आणि त्याला बसवलेल्या पेटीच्या काठावर हनुवटी आदळते.

मागे बसलेल्या माणसालाही हाच धक्का बसतो, पण त्याला तो आधी कळलेला असतो. पुढच्या गाडीचा लाल दिवा त्याने पाहिलेला असतो, चालवणाऱ्याच्या खांद्यांची हालचाल त्याला जाणवलेली असते. त्यामुळे त्याचे स्नायू आधीच ताठ होतात. कुत्र्याला लाल दिव्याचा अर्थ माहीत नसतो. पेटीत खोल बसला असेल, तर रस्ताही दिसत नाही. आतल्या कानातल्या संतुलनेंद्रियाला वेगातला बदल कळतो, पण तो घडू लागल्यावर. तयारीला वेळच मिळत नाही. म्हणून त्याच्या बसण्याची सगळी व्यवस्था या एका गोष्टीभोवती आखावी, असं माझं ठाम मत आहे.

अंगावर छाती आणि खांदे धरणारा हार्नेस हवा. गळपट्ट्याला दोरी बांधणं धोक्याचं, कारण ब्रेकचा सगळा झटका श्वासनलिकेवर येतो. पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअर अशा छोट्या जातींमध्ये ही नलिका मुळातच कमकुवत असण्याची शक्यता जास्त. हार्नेसच्या पाठीवरच्या कडीतून आखूड पट्टा पेटीला आणि पेटी गाडीच्या सांगाड्याला, अशी साखळी असावी. पट्टा इतका आखूड हवा, की कुत्र्याने उडी मारली तरी तो बाहेर लोंबकळणार नाही. पेटीच्या पुढच्या भिंतीला आतून जाड फोम लावावा, कारण ब्रेक लागताच तो तिथेच जाऊन दाबला जातो. धडकेचा हिशेब तर याहून कितीतरी मोठा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगात कुत्र्याजवळ जी गतिज ऊर्जा असते, ती सुमारे १० मीटर उंचीवरून पडण्याइतकी असते. सुटा कुत्रा नुसत्या हाताने धरून ठेवणं कोणालाच शक्य नाही.

वजनाची चिंता मात्र फारशी करू नये. गाडी आणि चालवणारा मिळून २२० किलो धरले, तर ५ किलोचा कुत्रा २० सेंटिमीटर बाजूला सरकल्याने एकूण गुरुत्वमध्य अर्धा सेंटिमीटरही हलत नाही. गाडी तेवढं सहज पचवते. चालवणाऱ्याचं लक्ष उडणं यापेक्षा कितीतरी घातक.

जागेबद्दल मतभेद आहेत. टाकीवर ठेवलेला कुत्रा नजरेसमोर राहतो आणि दोन चाकांच्या मधोमध असल्याने खड्ड्यांचे धक्केही कमी बसतात. पण हँडल पूर्ण वळायला अडचण होऊ शकते आणि धडकेत चालवणाऱ्याचं शरीर थेट टाकीवर जाऊन आपटतं. मध्ये कुत्रा असेल, तर तो चिरडला जाईल. म्हणून मला मागची सीट पटते, चालवणाऱ्याच्या पाठीला लागून. पार शेपटाकडच्या कॅरिअरवर नको. मागच्या आसाच्या जितकं मागे जाल, तितका प्रत्येक गतिरोधकाचा झटका मोठा. पाठीवरची सॅक किंवा जॅकेटच्या आत, हे दोन्ही टाळावं. तुम्ही पडलात, तर तुमचं वजन त्याच्यावर येणार.

उष्णतेचा धोका सगळ्यात फसवा, कारण तो चालवणाऱ्याला जाणवतच नाही. वाऱ्याने आपला घाम वाळतो आणि गार वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. त्याचा मुख्य आधार म्हणजे धापा टाकून तोंडातला ओलावा बाष्परूपाने घालवणं. त्यातही पेटीच्या भिंतींआड वारा पोचत नाही. उलट इंजिन आणि सायलेन्सरची धग खालून येत असते. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, ते ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्गच अरुंद, त्यामुळे धापा टाकूनही ते पुरेसे थंड होत नाहीत. त्यांना भर उन्हात अजिबात नेऊ नये. पेटीला जाळीच्या खिडक्या हव्यात आणि थांबाल तिथे आधी पाणी द्यायला हवं.

याच जातींचे डोळेही बाहेर आलेले असतात. ताशी ६० किलोमीटर वेगात किडा किंवा वाळूचा कण सेकंदाला सुमारे १७ मीटर वेगाने बुबुळावर आदळतो. गॉगल लावायचा तो यासाठी. कानांचा प्रश्न अवघड. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणून वेग कमी ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

ब्रेकची पूर्वसूचना कुत्र्याला देता येईल का? मला वाटतं, थोडीफार येईल. एखादा इशारा दर वेळी ठरावीक गोष्टीच्या आधी आला, की प्राणी तिची तयारी आधीच करू लागतो, हे इवान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरच दाखवून दिलं होतं. थ्रॉटल सोडला की इंजिनाचा आवाज उतरतो. दर वेळी आधी थ्रॉटल पूर्ण सोडायचा, क्षणभर थांबायचं, मग हलकेच ब्रेक दाबून हळूहळू जोर वाढवायचा. हाच क्रम कायम राहिला, तर आवाज उतरताच खाली दबून बसायला कुत्रा शिकू शकतो. पण सुरुवात बंद गाडीवर, आवडत्या खाऊसोबत व्हावी. इंजिन सुरू करणं ही त्यापुढची पायरी आणि रस्ता त्याच्याही नंतर. निघण्याआधी दोन-तीन तास पोट रिकामं ठेवावं. पिल्लांना गाडी जास्त लागते.

या सगळ्या काळात त्याच्या तोंडाकडे पाहत राहा. झोप नसताना जांभया देणं, सारखे ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, गारव्यातही धापा टाकणं ही भीतीची लक्षणं आहेत. ती दिसली, तर एक पायरी मागे या आणि पुन्हा बंद गाडीवरच खाऊ द्या.