गणित येतं, तरी पोरगं पैसे लावतं

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे. फासा टाकल्यावर सहा पडण्याची शक्यता किती, बावन्न पत्त्यांतून एक्का निघण्याची किती, अशी उदाहरणं मुलं दरवर्षी घोटून घोटून सोडवतात आणि पैकीच्या पैकी गुणही घेतात. त्यांतलीच काही मुलं संध्याकाळी आयपीएलचा सामना सुरू झाला की कट्ट्यावर बसून पुढच्या षटकात किती धावा निघतील यावर पैसे लावतात. घरी कळतं तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढा हुशार मुलगा, याला एवढी साधी अक्कल नाही?

अक्कल असते. घोडं दुसरीकडेच पेंड खातं. ते कुठे, हे लक्षात आलं नाही तर घरातले उपाय उलटतात, म्हणून ते नीट बघायला हवं.

भारतासह ११ देशांतल्या पाच हजारांहून अधिक मुला-माणसांच्या चाचण्यांवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वय १० ते ३०. शांतपणे, एकट्याने विचार करायचा असेल तर साधारण सोळाव्या वर्षी मुलाची विचारशक्ती प्रौढांच्या बरोबरीला येते, असं त्यात दिसलं. मोह आवरणं, मित्रांचा दबाव झुगारणं, उद्याचा विचार करणं या गोष्टी मात्र बऱ्याच ठिकाणी अठरा उलटल्यावरही पक्क्या होत राहतात. म्हणजे वर्गात बसलेला सोळा वर्षांचा मुलगा आणि रात्री दहा वाजता चार मित्रांत बसलेला तोच मुलगा, या दोघांच्या निर्णयात फरक पडतो, आणि तो फरक ज्ञानाचा नसतो.

मित्रांचं हे वजन मोजणारा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे असे तीन गट घेतले आणि त्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा होतो, कुठल्याही क्षणी लाल होऊन समोर भिंत येऊ शकते. जितकं पुढे जाल तितके गुण जास्त, आपटलात तर सगळे गेले. काहींनी हा खेळ एकट्याने खेळला, काहींनी शेजारी मित्र असताना. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मित्र जवळ असताना किशोरवयीनांनी घेतलेली जोखीम साधारण दुप्पट झाली. मधल्या गटात ती दीडपट झाली. प्रौढांवर काहीही परिणाम झाला नाही. पुढे २०११ मध्ये अशाच खेळादरम्यान मेंदूचं चित्रण केलं गेलं. शेजारच्या खोलीतून मित्र बघताहेत एवढं सांगितलं, तरी किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग जास्त उजळला. मित्रांनी तोंडातून शब्दही काढायची गरज नव्हती.

हार्बर लाइनच्या लोकलच्या दारात लटकून फलाटाला पाय घासत जाणारा मुलगा बघा. समोर कुणीतरी मोबाइल धरून शूट करत असतं. दहीहंडीच्या वरच्या थरांवर १४ वर्षांखालच्या मुलांना चढवू नये, यासाठी प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथेही खाली जमलेली गर्दी आणि तिचा जल्लोष हा मोठा भाग असतो. सट्ट्यात ही गर्दी खिशात बसते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जिंकलेल्याचा स्क्रीनशॉट पडतो आणि खाली टाळ्यांचे इमोजी. हरलेला स्क्रीनशॉट टाकत नाही, त्यामुळे ग्रुपमधल्या प्रत्येकाला वाटतं की आपण सोडून सगळे जिंकताहेत.

आता पैशाचं. आपल्या मुंबईला सट्टा काही परका नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर इथे आकडा लावला जायचा. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्याने त्याची जागा घेतली. एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला तर नऊ रुपये, असा भाव सर्रास चालायचा. आकडे दहा आणि मोबदला नऊपट, म्हणजे खेळत राहणाऱ्याचा रुपयामागे सरासरी दहा पैसे तोटा पक्का. मटक्याने गिरणगावातले कित्येक पगार खाल्ले, त्याचे गोडवे गायचं कारण नाही. पण त्याला वेळेची एक मर्यादा होती. एका बाजाराचा आकडा दिवसातून दोनदा फुटायचा, ओपन आणि क्लोज. मधले तास नुसती वाट बघण्यात जायचे. पोराला अड्ड्यापर्यंत चालत जावं लागायचं आणि वाटेत शेजारचे काका दिसायची धास्ती असायची.

टी-ट्वेंटीच्या एका सामन्यात २४० चेंडू असतात. आणि ‘आयडी’, म्हणजे बेकायदा ऑनलाइन सट्ट्याचं खातं, घेतलेल्या मुलाच्या फोनवर जवळजवळ प्रत्येक चेंडूनंतर भाव हलतो. पैसे लावणं आणि निकाल लागणं यांतलं अंतर जितकं कमी, तितका जुगार जास्त घातक, असं या क्षेत्रातल्या संशोधनात दिसतं. हरल्याची कळ जिरायच्या आत पुढची संधी समोर येते.

त्यात मेंदूची एक खोड भर घालते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची, म्हणजे बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेल्या पेशींची, नोंद घेतली होती. खात्रीने मिळणाऱ्या रसाच्या थेंबापेक्षा ‘मिळेल किंवा मिळणार नाही’ अशा निम्म्या-निम्म्या शक्यतेत, निकालाची वाट बघताना या पेशी सर्वांत जास्त चेतवलेल्या राहिल्या. हा शोध २००३ चा. सहा वर्षांनी ल्यूक क्लार्क यांच्या केंब्रिजमधल्या गटाने दाखवलं की थोडक्यात हुकलेला डाव हा हरलेलाच डाव असला, तरी मेंदूतला जिंकण्याशी जोडलेला भाग त्यालाही प्रतिसाद देतो आणि पुन्हा खेळावंसं वाटतं. क्रिकेटमध्ये थोडक्यात हुकण्याला तोटा नाही. एका धावेने ‘सेशन’, म्हणजे ठरावीक षटकांतल्या धावांवरची पैज, गेलं, सीमारेषेवर झेल सुटला. मुलगा म्हणतो, “जवळजवळ आलंच होतं.” त्याला हे शिकल्यासारखं वाटतं. पण थोडक्यात हुकल्याने पुढचा डाव जिंकण्याची शक्यता काडीचीही वाढत नाही.

इथून पुढे जे वाक्य ऐकू येतं ते म्हणजे “लॉस कव्हर करायचाय.” गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा लावणं हे जुगाराच्या विकाराच्या नऊ निकषांपैकी एक आहे. खोटं बोलणं हा दुसरा. वर्षभरात चार निकष जुळले तर निदान होतं. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने हा विकार दारू-अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात आणला. शरीरात काहीही न जाता जडणारं व्यसन म्हणून तिथे आलेला हा पहिलाच विकार. आणि तो सहसा एकटा येत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड जेसर यांनी १९७० च्या दशकापासून मांडलं आहे की किशोरवयातल्या दारू, तंबाखू, मारामारी, शाळा बुडवणं अशा गोष्टी जोडीने चालतात. म्हणून सिगारेट सापडली तेव्हा फक्त सिगारेटवर भांडू नये. त्याचे पैसे, झोप, मित्र, सगळंच एकदा शांतपणे बघावं.

जुगाराविरुद्धचा कायदा आपल्याकडे १८८७ पासून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे म्हणवणारे धरून, बंद करणारा कायदा केला. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मला ही विभागणी योग्य वाटते. पण आयडी वाटणारे आधीही बेकायदाच होते, त्यामुळे घराने कायद्यावर विसंबून राहू नये.

घरात काय करायचं, याचं उत्तर वरच्या प्रयोगांतूनच निघतं. मुलाला गणित येतंच, तर पुन्हा गणित शिकवून फारसं साधत नाही. संधी कमी करावी लागते: रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, यूपीआयची मर्यादा कमी, आई-बाबांचा पिन बदललेला, तो ग्रुप सोडलेला. सामना घरात सगळ्यांनी मिळून बघावा. कर्ज झालं असेल तर वडिलांनी गुपचूप भरून विषय मिटवू नये. तसं केलं की मुलाला पुन्हा लावायला मोकळीक मिळते आणि घराला खरा आकडा कधीच कळत नाही. पट्टा काढला तर तो फक्त जास्त नीट लपवायला शिकतो.

एक गोष्ट मात्र अजिबात टाळू नये. जुगाराच्या विकारात आत्महत्येचा धोका वाढतो. मुलगा जेवेनासा झाला, “मी नसतो तर बरं झालं असतं” असं काही बोलला, तर त्याला थेट विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. केईएम, नायर आणि सायन या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. विचारांच्या चुकीच्या सवयी बदलणाऱ्या समुपदेशनाचा या विकारात चांगला उपयोग होतो. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलगा फोन करायला तयार नसेल तर आईने किंवा वडिलांनी स्वतः करावा.