ब्रेक मारणं रिफ्लेक्स नाही, तो सराव आहे

भुसावळ रोडला गाडीसमोर कुत्रं आडवं आलं, गच्चकन ब्रेक लागला, की मागे बसलेला म्हणणारच, "भाऊ, रिफ्लेक्स भारी आहेत तुझे". स्लिपला कॅच घेतला तरी रिफ्लेक्स. कोचिंगवालेसुद्धा तेच शिकवतात आणि मला ते अजिबात पटत नाही.

विचार करून केलेली क्रिया सगळ्यांना माहितीये, ती सोडा. प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे खरा रिफ्लेक्स, तीपण शाळेत झालीये, चटका बसला, निरोप मेरुरज्जूपर्यंत गेला, तिथूनच स्नायूला हुकूम सुटला, हात मागे. पापणी मिटणं, उजेडात बाहुली बारीक होणं हे ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातून चालतं, बस एवढाच फरक.

घोळ होतो तो इथे, की पटकन झालं आणि विचार न करता झालं म्हणजे रिफ्लेक्सच. ब्रेक मारताना कुत्रं आधी डोळ्यांना दिसतं, मेंदू ते ओळखतो, मग मेंदूच पायाला हुकूम देतो, फक्त वर्षानुवर्षांच्या सरावाने हे इतकं गुळगुळीत झालेलं असतं की आपल्याला मधलं काही जाणवत नाही. म्हणून तर आयुष्यभर मोटरसायकल चालवलेला माणूस स्कूटीवर बसला की त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक शोधतो. शिकलेली गोष्ट अशी चुकते. चटक्याने हात मागे घ्यायला कुणी शिकवलेलं नसतं.

वेळ बघा ना. गुडघ्याखाली हातोडी मारली की मांडीचा स्नायू 20-30 मिलिसेकंदात आवळतो. दिवा लागला की बटण दाब असं सांगून तयारीत बसवलेल्या माणसालाही 200 ते 250 लागतात, आणि रस्त्यावर अचानक काही आलं तर सेकंदभर सहज जातो, म्हणजे 60 च्या स्पीडला ब्रेक दाबला जाण्याआधीच गाडी 16-17 मीटर पुढे गेलेली असते. त्यात फोन कानाला असला तर अजून उशीर, कारण हे काम मेंदूचंच आहे आणि मेंदू गप्पांत आहे.

तरी पटत नसेल तर हे बघा. पाठीत मेरुरज्जू पूर्ण तुटलेल्या माणसाच्या तळपायाला टोचलं, तर दुखापतीनंतरचा सुरुवातीचा काळ गेल्यावर पाय आपोआप आखडतो, आणि टोचल्याचं त्याला कळतही नाही. त्याच पायाने ब्रेक दाबायला सांगा, नाही दाबता येणार.

आता उलटी चूक, रिफ्लेक्स थांबवताच येत नाही म्हणतात. आपल्याकडे भरीत करताना बघा, तुराट्यांच्या जाळातून काढलेलं बामणोदचं वांगं, साल काळी कोळसा झालेली, आतून वाफ येतेय, आणि बाई देठ धरून बोटांनी सरसर साल ओढत जाते, हात काही मागे घेत नाही. चटका बसणार हे मेंदूला आधीच माहीत असतं, तो वरून मेरुरज्जूला दाबून धरतो. पण हे जमतं ते माहीत असतानाच, नकळत तव्याला हात लागला तर तीच बाई झटकन हात काढणार. वरून ढिलंही सोडता येतं, म्हणून हातोडी मारून गुडघा उडत नसला की डॉक्टर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगतात, आणि मग पाय चांगला उडतो.