पडद्यावरील अक्षररेखन : विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स

मजकूर तोच, फॉन्ट तोच आणि आकारही तोच असला, तरी विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिम्स लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरे वेगवेगळी उमटवतात. कुठे ती बारीक आणि रेखीव दिसतात, तर कुठे ठसठशीत पण किंचित धूसर. फॉन्टमधली आकृती ठिपक्यांत कशी बदलायची, याबद्दल प्रत्येक सिस्टिमचे धोरण निराळे असते, हे याचे मुख्य कारण. देवनागरीत त्याच्याही आधीचा एक टप्पा, म्हणजे जोडाक्षरे व मात्रा यांची जुळणी, तितकाच महत्त्वाचा असतो. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या विवेचनात तो बहुधा सुटतो.

फॉन्टमधले अक्षर ही वक्ररेषांनी आखलेली आकृती असते. पडदा मात्र चौकोनी पिक्सेलांचा, म्हणजे ठिपक्यांचा. १५.६ इंची, १३६६ × ७६८ पिक्सेलांच्या लॅपटॉपवर एका इंचात जेमतेम १०० पिक्सेल येतात. अशा पडद्यावर १६ पिक्सेल आकाराच्या मजकुराची शिरोरेषा हिशेबाने सव्वा-दीड पिक्सेल जाड भरू शकते. अर्धा पिक्सेल काही पेटवता येत नाही. तेव्हा एक तर ती रेषा ओढूनताणून एका पूर्ण ओळीत बसवायची, नाही तर एक ओळ काळी व शेजारची करडी करून भागवायचे. मायक्रोसॉफ्टने दीर्घकाळ पहिला मार्ग धरला, ॲपलने दुसरा.

आकृतीला पिक्सेलांच्या चौकटीत बसवणाऱ्या सूचनांना हिंटिंग म्हणतात. अशा सूचना सोबत नेणारे ट्रूटाइप तंत्र मुळात ॲपलचे. ते १९९१ मध्ये मॅकच्या सिस्टिम ७ बरोबर आले आणि १९९२ मध्ये विंडोज ३.१ ने ते घेतले. पुढे मॅकओएसने मात्र या सूचनांकडे जवळजवळ दुर्लक्षच केले. मॅकचा जम छपाईच्या व्यवसायात बसला होता. पडद्यावरचे पान छापील पानासारखेच दिसले पाहिजे, मग कडा थोड्या धूसर झाल्या तरी चालतील, असा तिथला आग्रह. जीडीआय या विंडोजच्या जुन्या रेखन पद्धतीत अक्षरांची रुंदीसुद्धा पूर्ण पिक्सेलांत मोजली जाई. त्यामुळे मजकूर लहानमोठा केला की ओळी भलत्याच ठिकाणी तुटत. वाचायला ती अक्षरे स्वच्छ होती, हे मात्र मान्य केले पाहिजे.

मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले क्लिअरटाइप तंत्र विंडोज एक्सपीत आले आणि व्हिस्टा या पुढच्या आवृत्तीपासून आपोआप चालू राहू लागले. एलसीडी पडद्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. त्या सुट्या वापरल्या की आडव्या दिशेची सूक्ष्मता वाढते. याचा लाभ उभ्या रेषांना होतो. रोमन लिपीला ते पुरते, कारण तिचा तोल उभ्या रेषांवर असतो. देवनागरीत काना सुधारला, पण शब्दभर आडवी पसरलेली शिरोरेषा होती तिथेच राहिली. उभ्या दिशेची सफाई विंडोज ७ मधल्या डायरेक्टराइट या नव्या रेखन पद्धतीने आणली. ओएलईडी पडद्यांवर या पट्ट्यांची मांडणी वेगळी असल्याने तिथे अक्षरांच्या कडांना रंगीत झाक दिसू शकते.

ॲपलने २०१२ मध्ये इंचाला २२० पिक्सेलांचा रेटिना लॅपटॉप आणला आणि या वादातली बरीच हवा गेली. इतक्या दाट पडद्यावर करडी कड डोळ्याला जाणवत नाही. मॅकओएसच्या २०१८ च्या मोहावे आवृत्तीत तर ॲपलने आपले क्लिअरटाइपसारखे रंगीत पट्ट्यांचे तंत्र मूळ सेटिंगमधून काढूनच टाकले. त्याचा फटका मॅकला साधा, कमी घनतेचा मॉनिटर जोडणाऱ्यांना बसला.

लिनक्सवर हे काम फ्रीटाइप हे मुक्त सॉफ्टवेअर करते. हिंटिंगवरील ॲपलची पेटंटे २०१० मध्ये संपेपर्यंत त्याला ट्रूटाइपच्या सूचना मूळ सेटिंगमध्ये वापरता येत नव्हत्या. लिनक्सवरची अक्षरे वाईट दिसतात हा जुना लौकिक काही अंशी त्यातूनच आला. आज हिंटिंग किती ठेवायचे, हे तिथे वापरणाऱ्याला स्वतः ठरवता येते.

देवनागरीत ठिपक्यांच्या आधी जुळणी येते. ‘स्थिती’ हा शब्द साठवताना पहिली वेलांटी थ नंतर असते. दाखवताना ती स च्याही आधी आणावी लागते आणि स अर्धा करावा लागतो. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब हा सिस्टिममधला घटक करीत असे. पण एक्सपीत ही सोय वेगळी चालू करावी लागे, आणि त्यासाठी अनेकदा विंडोजची सीडी शोधावी लागे. तोवर हलन्त (पाय मोडल्याची चिन्हे) उघडे पडत आणि वेलांट्या चुकीच्या बाजूला जात. मॅकवर कोअर टेक्स्ट आणि लिनक्सवर हार्फबझ हेच काम करतात. फायरफॉक्स व क्रोम सगळीकडे मुख्यतः हार्फबझच वापरतात, म्हणून ब्राउझरमधली जोडाक्षरे आता सहसा सारखी येतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हा भेद टिकायचा तर फॉन्ट आणि जुळणी करणारे सॉफ्टवेअर या दोघांनाही ‘दऱ्या’तला अर्धचंद्री र ओळखता यावा लागतो.

सामान्य वाचकाला सर्वांत आधी जाणवतो तो मात्र फॉन्टमधला फरक. विंडोजचा मंगल हा फॉन्ट कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. विंडोज ८ पासून त्याच्या जोडीला निर्मला यूआय आला. मॅकवर कोहिनूर देवनागरी, तर लिनक्सवर लोहित किंवा नोटो आढळतो. मंगलमध्ये ओळींतील अंतर बरेच मोठे असते. त्यामुळे मंगलमध्ये केलेला दस्तऐवज तो फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर उघडला, तर पानांची संख्याच बदलू शकते.

महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले, पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणकात, या वळणांना वेगळे क्रमांक नाहीत. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळण अंतर्भूत आहे, तोही बहुधा मजकुराची भाषा मराठी नोंदवली असेल तरच ते दाखवतो. एरवी तोच ल हिंदी वळणाने उमटतो.