मातीची कणगी आणि तहानेने मरणारा भुंगेरा

मातीच्या भांड्यातील ‘ऊर्जे’मुळे धान्याला कीड लागत नाही, असे संदेश सध्या समाजमाध्यमांवर फिरत असतात. मातीत अशी कोणतीही शक्ती नाही, आणि आफ्रिकेतील शेतकरी तिच्यावर विसंबूनही राहत नाहीत. टोगोच्या उत्तरेस कूतामाकू या जागतिक वारसास्थळी बातामारिबा लोकांच्या घरांवर ज्वारी-बाजरीच्या मातीच्या कणग्या असतात, आणि त्यांच्या तोंडावर गवताची निमुळती टोपी बसवलेली असते. कॅमेरूनच्या उत्तर भागात मातीच्या मडक्यांत चवळी साठवताना तिच्यात चुलीची चाळलेली राख भरपूर मिसळण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही कडधान्याला राख चोळून ठेवत असत.

चवळीचा खरा शत्रू म्हणजे भुंगेरा. मादी दाण्याच्या सालीवर अंडे चिकटवते, अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते आणि प्रौढ कीटक गोल भोक पाडून बाहेर येतो. उष्ण हवेत हे सारे तीन-चार आठवड्यांत उरकते. वाळलेल्या दाण्यात जेमतेम १० टक्के ओलावा असताना अळीला पाणी मिळते कोठून? ते ती स्वतःच तयार करते. पिष्टमय पदार्थाचे ऑक्सिजनशी ज्वलन झाले की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निर्माण होते, आणि १ ग्रॅम स्टार्चपासून सुमारे ०.५५ ग्रॅम पाणी मिळते. भांडे हवाबंद असेल, तर अळ्यांच्या श्वसनानेच आतील ऑक्सिजन घटत जातो. त्यांचे खाणे थांबते, पाणी बनणेही थांबते आणि त्या कोरड्या पडून मरतात. गुदमरण्यापेक्षा तहानच त्यांचा जीव घेते, हे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मरडॉक व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडले. त्यांच्याच गटाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये तीनपदरी हवाबंद पिशवीवर काम सुरू केले होते.

न भाजलेल्या, सच्छिद्र मातीतून मात्र हवा झिरपते, म्हणून राखेचे काम मोलाचे ठरते. दाण्यांमधील पोकळ्या तिने भरून गेल्या की बाहेर पडलेल्या भुंगेऱ्याला जोडीदारापर्यंत पोहोचणे अवघड होते. शिवाय तिचे बारीक कण त्याच्या अंगावरील मेणाचा थर खरवडतात आणि शरीरातील पाणी उडून जाते.

या साऱ्याला धान्य कडक वाळलेले असण्याची अट आहे. २००४ मध्ये केनियाच्या पूर्व भागात घरांत साठवलेल्या दमट मक्यावर बुरशी वाढली, तिच्या अफ्लाटॉक्सिन या विषाने ३१७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १२५ दगावले.