राहणीखर्च आणि जीवनमान: इंदूरहून गावी जाताना हमखास होणारी गल्लत

नात्यातलं कुणीही भेटलं की प्रश्न ठरलेला: "मग गावात बरंच वाचत असेल ना?" मी "हो" म्हणायचे. खोटं नव्हतं ते. महिन्याकाठी पैसे उरत होते. का उरत होते, ते मात्र वही उघडून बसल्यावर कळलं.

आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई, इंदूरच्या लोकमान्य नगरातलं भाड्याचं घर सोडून नर्मदेकाठच्या मंडलेश्वरजवळच्या एका गावात राहायला गेलो. नवरा निवृत्त झालेला. मी इंदूरच्या सियागंज या घाऊक बाजारातल्या दोन-तीन व्यापाऱ्यांचे हिशेब घरून लिहिते, त्यामुळे घरखर्चाची वहीसुद्धा रोजमेळासारखी रोजच्या रोज लिहायची सवय. त्या वहीनंच मला दोन शब्दांतला फरक शिकवला. राहणीखर्च म्हणजे जगायला किती पैसे लागतात. जीवनमान म्हणजे त्या पैशांत, आणि पैशांवाचूनही, जगणं कसं होतं. मधे तिसरा शब्द लुडबुडतो, राहणीमान. तो घरात काय काय आहे त्याचा: फ्रिज, गाडी, एसी. त्याला तूर्त बाजूला ठेवू.

पहिली गल्लत आकड्यांतच होते. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत 2023-24 साली ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च सरासरी 4,122 रुपये निघाला, शहरी भागात 6,996. हे वाचून कुणीही म्हणेल की गाव चाळीस टक्के स्वस्त. पण पाहणी सांगते ती लोक किती खर्च करतात ते. तेवढ्यात त्यांना काय मिळालं, हे ती सांगत नाही. रिक्षाच नसेल तर रिक्षाभाडं शून्य. नाटकच लागत नसेल तर तिकीट शून्य. जी गोष्ट मिळतच नाही तिचं बिल येत नाही, आणि बिल आलं नाही की आपण त्याला बचत म्हणतो.

माझ्या वहीत पहिल्या सहा महिन्यांत खर्च जवळजवळ एक तृतीयांशानं घटलेला दिसत होता. मग एका रविवारी लाल पेन घेऊन बसले आणि प्रत्येक घटीपुढे एक अक्षर लिहीत गेले. खरंच कमी भावात मिळालं तिथे 'स्व', म्हणजे स्वस्त. घ्यायचंच बंद झालं तिथे 'सु', म्हणजे सुटलं. 'स्व'मध्ये ठळक दोनच गोष्टी: घरभाडं आणि दूध. 'सु'ची रांग मात्र लांबच लांब. सानंद या मराठी संस्थेची नाटकं सुटली, छप्पन दुकानांवरचं रविवारचं पोहे-जिलबी सुटलं, थंडीतला सराफ्यातल्या खाऊगल्लीतला गराडू, म्हणजे तळलेला कंद, सुटला, शेजारच्या गल्लीतल्या फिजिओथेरपिस्टकडे सासूबाईंच्या गुडघ्यासाठी आठवड्यातून दोनदा जाणं सुटलं. गराडू सुटला याचं मला फार दुःख नाही. गुडघ्याचं तसं नाही.

भाड्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा खेळ तिथे आहे. महागाईचा निर्देशांक 2012 हे आधारवर्ष धरून काढत, तेव्हा शहरी निर्देशांकात घराचा वाटा 21.67 टक्के होता. ग्रामीण निर्देशांकात घर हा रकानाच नव्हता. गावात कोण भाड्यानं राहतं, असा हिशेब. उलट खाण्यापिण्याचा वाटा ग्रामीणमध्ये 54.18 टक्के आणि शहरीमध्ये 36.29. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यातही हाच फरक दिसतो: इंदूर शहरांच्या 'वाय', म्हणजे मधल्या श्रेणीत, म्हणून मूळ पगाराच्या 20 टक्के, खेड्यातल्या नेमणुकीला 10. म्हणजे शहर सोडल्यावर खरी घट होते ती छपरात, ताटात फारशी नाही. आमचं भाडं वाचलं म्हणून आमची वही गोजिरी दिसली. माझ्या दिरांचं इंदूरमध्येच रामबागेत स्वतःचं घर आहे. ते गावी गेले तर त्यांचं वाचणार काय? रामबागेतलं घर भाड्यानं दिलं तर गोष्ट वेगळी, पण ती कमाई झाली, बचत नव्हे.

ताट स्वस्त होत नाही याचं पहिल्या महिन्यात मला आश्चर्य वाटलं होतं. आमच्या गल्लीतला शेतकरी टोमॅटो लावायचा. मी त्याला म्हटलं, "दादा, दोन किलो द्या." तो म्हणाला, "गाडी भरली काकी, आता मंडीत." गाडी इंदूरला चोइथराम मंडीत गेली आणि हाटाच्या दिवशी गावातल्या विक्रेत्यापुढे जे टोमॅटो होते ते तिथूनच आलेले. जाण्यायेण्याचं भाडं आमच्या आमटीत. किराण्याचंही तेच. गावातला दुकानदार माल आणतो सियागंजातून, विकतो लहान पुड्यांत, आणि लहान पुडी किलोमागे महागच पडते. पुढे ओळखी झाल्या तशी शेतातून थेट भाजी मिळू लागली, कधीकधी फुकटसुद्धा. पण ती ओळखीची किंमत, बाजाराची नव्हे, आणि ती ओळख कमवायला वर्ष गेलं.

आणि मग वाट. वहीत सगळ्यात लबाड रकाना पेट्रोलचा. माझी एक दाढ अर्धी कोरून झाली आणि आम्ही गावी आलो. मंडलेश्वरला दंतवैद्य आहेत, पण अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती द्यायला मन होईना. रूट कॅनालच्या चार खेपा झाल्या. जाऊन-येऊन दर खेपेला साधारण पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे तेराशेच्या आसपास पेट्रोल. चार खेपांचे पाच हजार. वहीत मात्र 'दवाखाना' या रकान्यात डॉक्टरांची फी तेवढी दिसत होती, बाकीची दाढ पेट्रोलमध्ये लपली होती. तेव्हापासून मी पेट्रोल असं एकटं लिहीत नाही. 'पेट्रोल, दाढ', 'पेट्रोल, बँक', 'पेट्रोल, लग्न' असं लिहिते. ही एक सवय लावून घेतली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

निमाडात, म्हणजे आमचं गाव आहे त्या नर्मदाखोऱ्यात, उतरताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. महूवरून निघून घाटमाथ्यावरचं जाम गेट ओलांडलं की विंध्याचा उतार सुरू होतो. वरचं माळव्याचं पठार सुमारे 550 मीटरवर, खाली नर्मदेचं खोरं. 'शब-ए-माळवा' म्हणून ज्या थंड रात्रींचं कौतुक होतं त्या वरच राहतात. मे महिन्यात आमचं विजेचं बिल इंदूरपेक्षा जास्त आलं, आणि कूलर चालवूनही झोप इंदूरपेक्षा कमी. खर्च वाढला आणि जीवनमान घटलं, दोन्ही एकाच महिन्यात. जे लोक या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत टाकतात, एक वर तर दुसरं खाली, त्यांना मी त्या महिन्याचं पान दाखवते.

पाण्याची कथा तर अशी की हसावं की रडावं कळेना. इंदूरला 1978 पासून नर्मदेचं पाणी मिळतं, ते आमच्या गावाजवळच्या जलूदहून उचलून, घाट चढवून सत्तरेक किलोमीटर नेलेलं. त्यासाठी 1970 साली इंदूरकरांनी आंदोलन केलं होतं. सासऱ्यांच्या तोंडून त्याच्या हकिकती शंभर वेळा ऐकलेल्या. आणि आम्ही नर्मदेच्या इतकं जवळ राहायला येऊन प्यायचो ट्यूबवेलचं जड पाणी, डाळ शिजता शिजत नसे. ट्यूबवेल शेताच्या फीडरवर, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर, आणि शेतीची वीज दिवसातून दहा तास. वीज असेल तेव्हा टाकी भरून ठेवायची. सरकारी निकषसुद्धा वेगवेगळे: शहरात माणशी रोज 135 लिटर धरतात, जल जीवन मिशनमध्ये गावासाठी 55. पाणीपट्टी गावात कमी होती, हे वहीत 'स्व' म्हणून नोंदवलं होतं. नंतर खोडलं.

कचऱ्याचं सांगितलं तर इंदूरकर हसतील. 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिरवलेल्या शहरात दारात रोज गाडी येते, आपण ओला-सुका वेगळा करून देतो, विषय संपला. गावात ओल्याचं खत झालं, ते उत्तमच. प्लास्टिक मात्र लोक जाळतात. ते आम्हाला बघवेना. मग पोत्यात साठवून, इंदूरला जाताना डिकीत टाकून, दिरांच्या दारातल्या गाडीत द्यायचो. दिरांचं ठरलेलं वाक्य: "वहिनी, गावाहून सगळे भाजी आणतात."

हे वाचून गावात सगळं उणंच, असं वाटेल. तसं नाही. वहीला जे सुटलेलं दिसत नाही तसंच जे मिळालेलं आहे तेही दिसत नाही. माझा नवरा सदतीस वर्षं खुर्चीत बसून नोकरी केलेला माणूस. गावी आल्यावर पहाटे उठून नदीवर जायला लागला, घरामागच्या तुकड्यात गहू आणि मेथी लावली, पोट उतरलं, रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. संध्याकाळी ओट्यावर चार जण येऊन बसायचे. इंदूरच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोण राहतं हे त्याला सहा वर्षांत माहीत नव्हतं.

त्याच घरात सासूबाई मात्र आटत चालल्या होत्या. त्या ऐंशीच्या. हिंदी उत्तम येतं, पण निमाडी कानाला लवकर लागेना. शेजारणी मायाळू होत्या, ताक आणून द्यायच्या, पाया पडायच्या, पण गप्पा चार वाक्यांत संपायच्या. एकदा दिवेलागणीला त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी विचारलं, "आई, काय बघताय?" म्हणाल्या, "काही नाही गं. आज गुरुवार. तिकडे आत्ता भजन सुरू झालं असेल." एवढंच. गुडघा दुखतोय असंही म्हणाल्या नाहीत.

माझ्या मते गावी जाण्याचा विचार करणाऱ्यानं इथे जास्तीत जास्त वेळ थांबावं. खर्च घराचा एक असतो, वहीत एकच बेरीज येते. जीवनमान मात्र माणसागणिक वेगळं. त्याच घरात, त्याच पैशांत, एकाचं वाढलं आणि एकीचं घटलं. माझं? कधी असं, कधी तसं. घरून काम करायला नेट चालू आहे की नाही, त्यावर अवलंबून. शहरांच्या 'सुलभ जीवन' निर्देशांकात 2020 साली इंदूर दहा लाखांवरच्या शहरांत नववं आलं होतं, आणि त्यात 30 टक्के वजन खुद्द नागरिकांच्या मताला होतं. ते मला पटतं. पण तीही सरासरीच, आणि ऐंशीची बाई आणि साठीचा पुरुष यांची सरासरी काढून कुणाच्याच उपयोगाची नाही.

दवाखान्याचं थोडक्यात: सपाट प्रदेशात एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण 30,000 लोकांमागे, आदिवासी वा डोंगरी भागात 20,000 मागे, असा निकष आहे. ताप-खोकल्याला ते पुरतं. घरात हृदयाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर किलोमीटर मोजू नका, पावसाळ्यातल्या रात्री घाट चढायला किती वेळ लागतो ते एकदा स्वतः गाडी काढून बघा.

जमीन घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. पुण्याचे नातेवाईक लगेच विचारतात, "शेतकरी असल्याचा दाखला कुठून आणला?" मध्य प्रदेशात शेतजमीन घ्यायला ती अट नाही. मात्र आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जपून, आणि घर बांधायचं तर डायव्हर्शन, म्हणजे जमीन बिगरशेती करून घेणं, लागतं. खसरा, म्हणजे इकडचा सातबारा, स्वतः वाचा, पटवाऱ्याच्या (तलाठ्याच्या) तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि काहीही विकत घेण्याआधी एक अख्खा मे महिना आणि एक अख्खा ऑगस्ट तिथे भाड्यानं काढा. डिसेंबरात सगळीच गावं सुंदर असतात.

आम्ही शेवटी तोडगा काढला तो निम्मा-निम्मा. सासूबाई दिरांकडे रामबागेत, गुरुवारचं भजन चालू. मी बहुतेक दिवस त्यांच्यासोबत. नवरा पेरणी आणि काढणीला खाली असतो, मीही थंडीत महिनाभर जाते. खर्च आता पूर्वीइतकाच झालाय, किंचित जास्तच. वही चालू आहे. परवा येताना जाम गेटला थांबलो, खाली सगळं खोरं धुक्यात होतं, दोन चहा आणि एक भाजलेला भुट्टा घेतला. साठ रुपये. ते कुठल्या रकान्यात घालायचे, हे काही अजून ठरलेलं नाही.