सांभाळाचं बिल: इंग्लंडमध्ये 1948 साली ओढलेली एक रेघ

इंग्लंडमधल्या दोन शेजारणी डोळ्यांसमोर आणा. एकीला कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, केमो, रुग्णालयातला मुक्काम, सगळं एनएचएसकडून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडून, मोफत. दुसरीला डिमेन्शिया झाला. तिला आंघोळ घालायला, भरवायला, रात्री उठून बघायला माणूस लागतं. हा उपचार नव्हे, सांभाळ. म्हणून तो बहुतेक वेळा स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेकडे, जातो. कौन्सिल तिची गरज तपासते आणि मग पैशांची चौकशी करते. तिच्या नावावर 23,250 पौंडांहून जास्त असतील, तर सगळा खर्च तिचा. कायमचं केअर होममध्ये, म्हणजे सांभाळ करणाऱ्या निवासात, जायची वेळ आली की राहतं घरही हिशेबात धरतात. नवरा किंवा साठी ओलांडलेला नातलग तिथे राहत असेल तर ते वगळतात.

उपचार आणि सांभाळ यांच्यातली ही रेघ 5 जुलै 1948 रोजी ओढली गेली. एनएचएस सुरू झाली त्याच दिवशी नॅशनल असिस्टन्स ॲक्टही लागू झाला. त्याच्या पहिल्याच कलमानं शतकानुशतकं चालत आलेला ‘पुअर लॉ’, म्हणजे गरिबांसाठीचा कायदा, संपवला. 1601च्या त्या कायद्यानुसार निराधार म्हाताऱ्यांचा भार गावच्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार ठरलेल्या स्थानिक विभागावर, असे, पण ऐपत असलेल्या मुलांवर त्याआधी. 1834नंतर वर्कहाऊसचं, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणाऱ्या संस्थांचं, जाळं पसरलं. तिथे नवरा-बायकोलाही वेगवेगळं ठेवत, आणि म्हातारपणी तिथे जायच्या नुसत्या विचारानं लोकांचा थरकाप उडे. 1948मध्ये आईवडिलांना पोसण्याचं मुलांवरचं कायदेशीर बंधनही गेलं. (आपल्याकडे 2007च्या कायद्यानं तेच बंधन आणखी पक्कं केलं. लंडनमध्ये राहून साताऱ्यातल्या आईवडिलांकडे लक्ष देणाऱ्या मराठी माणसाला हा फरक चांगलाच जाणवेल.)

तेव्हा आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन. श्रीमंत म्हातारे जसे हॉटेलात पैसे भरून राहतात, तसंच कामगारांनीही मानानं राहावं, असं त्यांच्या मनात होतं. पेन्शन होतं आठवड्याला 26 शिलिंग. त्यातले 21 निवासाचे, 5 हातखर्चाला. मला या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त चटका लावते: सांभाळाला शुल्क लावलं ते माणसाला भीक घेतल्यासारखं वाटू नये म्हणून. इमारती मात्र बऱ्याच ठिकाणी जुन्या वर्कहाऊसच्याच राहिल्या.

तेव्हा बहुतेक लोक भाड्याच्या घरात राहत, त्यामुळे घर विकायचा प्रश्न फारसा नव्हता. पुढे स्वतःची घरं झाली. 1980च्या दशकात खाजगी केअर होमची बिलं सामाजिक सुरक्षेच्या निधीतून भागू लागली. 1979 साली साधारण 1 कोटी पौंडांवर असलेला हा खर्च दशकाअखेर 100 कोटींच्या पुढे गेला. त्याच सुमारास एनएचएसचे दीर्घ मुक्कामाचे वॉर्ड बंद होत गेले. म्हणजे काल जी आजी रुग्णालयात फुकट होती, तशीच आजी आज होममध्ये पैसे मोजू लागली. 1993पासून सगळा कारभार कौन्सिलकडे आला, तोही मर्यादित निधीसह.

1999मध्ये सरकारनं नेमलेल्या सदरलँड आयोगानं सांगितलं की वैयक्तिक सांभाळ, म्हणजे न्हाऊमाखू घालणं, भरवणं, मोफत असावा. स्कॉटलंडनं 2002 साली 65 वर्षांवरच्यांसाठी ते अमलात आणलं, इंग्लंडनं नाकारलं. 2011मध्ये दुसऱ्या सरकारी आयोगाचे प्रमुख अँड्र्यू डिल्नॉट यांनी माणसाला सांभाळासाठी आयुष्यभरात कराव्या लागणाऱ्या खर्चाला 35,000 पौंडांची कमाल मर्यादा सुचवली. सरकारनं ती 72,000 ठरवली, लांबणीवर टाकली, सोडून दिली. 2021मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी 86,000 जाहीर केली. तीही पुढे ढकलली गेली आणि जुलै 2024मध्ये रद्द झाली. एका संपूर्ण पिढीला दोनदा शब्द देऊन दोनदा फिरवला, आणि हे मला अक्षम्य वाटतं. आता याच प्रश्नावर लुईझ केसी यांचा सरकारी आयोग काम करतो आहे. त्याचा अंतिम अहवाल 2028पर्यंत यायचा आहे.

23,250चा आकडा 2010पासून हललेला नाही. आणि कौन्सिलच्या खर्चानं होममध्ये राहणाऱ्यांचं पेन्शन आजही होमच्या बिलात जातं. आठवड्याला साधारण 30 पौंड त्यांच्या हातात राहतात: केस कापायला, मोजे घ्यायला, नातवाच्या वाढदिवसाला काही पाठवायला.