कलर मोठा की सिक्वेन्स?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी तीन पत्ती बसते. डावावर भुईमुगाच्या शेंगा. त्यापुढचा जुगार आईने कधी चालू दिला नाही. यंदा पुतण्याने बदामचा कलर (तिन्ही पानं एकाच रंगाची) उघडला, काकांनी चौकी-पंजी-छक्कीचा सिक्वेन्स (ओळीने लागणारी पानं), आणि दोघांचेही हात एकदमच शेंगांकडे गेले.

"आजोबा, फ्लश मोठा असतो." पोरगा हॉस्टेलवर पोकर शिकून आलेला, तिथे कलरला फ्लश म्हणतात.

"साठ वर्षं खेळतोय मी. सिक्वेन्सपुढे कलर चाललाय कधी?"

गंमत अशी की दोघंही बरोबर होते. जो मेळ क्वचित जमतो तो मोठा, एवढाच या खेळांचा पाया. आणि क्वचित म्हणजे किती, ते हातात पानं किती यावर ठरतं.

५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात निघतात. सिक्वेन्स बारा प्रकारचे (एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत), प्रत्येक पान चार रंगांपैकी कुठलंही, म्हणून १२ × ६४ = ७६८. त्यातले ४८ प्युअर (सिक्वेन्स आणि तोही एकाच रंगाचा) वगळले की उरले ७२०. कलरचे हात मात्र १,०९६. काका जिंकले.

आता पोकरसारखी पाच पानं घ्या. एकूण हात २५,९८,९६०. सिक्वेन्सचे प्रकार दहावर येतात, पण वाढलेलं प्रत्येक पान रंगांच्या शक्यता चौपट करतं, त्यामुळे ६४ च्या जागी १,०२४. प्युअर सोडून सिक्वेन्स होतात १०,२००. कलरला ही सवलत नाही, पहिल्या पानाचा रंगच पुढे चालवावा लागतो. तो ५,१०८ वरच थांबतो. म्हणून पोकरात फ्लश वर, स्ट्रेट (म्हणजे सिक्वेन्स) खाली.

मी हे पेन्सिलीने वहीवर मांडलं तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते फार वेळ टिकू दिलं नाही. तीन पत्तीत ट्रेल (सारखी तीन पानं) सगळ्यात मोठी, पण ट्रेलचे हात ५२ आणि प्युअर सिक्वेन्सचे ४८. म्हणजे हिशेबाने प्युअरच वर हवा. तीन एक्के हातात आल्यावर हे कोण ऐकून घेणार!

पोकरचे प्रकार वेगळे होतात ते मुख्यतः पानं कुणाला दिसतात यावरून. ड्रॉमध्ये पाचही पानं लपलेली, नको ती बदलून घ्यायची. स्टडमध्ये काही पानं समोर उघडी. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोनच पानं, मध्ये पाच सामाईक, आणि या सातांतून सर्वांत चांगली पाच निवडायची.

या निवडीमुळे एक विचित्र गोष्ट घडते. सात पानांचे १३,३७,८४,५६० संच होतात. त्यांतल्या ५,८६,२७,८०० संचांत सर्वांत चांगला हात एका जोडीचा असतो, आणि काहीच न जमलेले संच २,३२,९४,४६० च. म्हणजे रिकामा हात जोडीहून दुर्मीळ! मग त्याला वरचा मान का नाही? कारण तसा नियम केला तर जोडीवाला जोडीतलं एक पान सोडेल आणि "माझ्याकडेही काही नाही" म्हणत डाव नेईल. निवड खेळणाऱ्याच्या हाती असली की दुर्मीळपणाचा नियमही लुळा पडतो.

ओमाहा दिसायला होल्डेमचा भाऊ, फक्त हातात दोनऐवजी चार पानं. पण त्यातली नेमकी दोनच वापरायची आणि मधली नेमकी तीन. मध्ये बदामची चार पानं पडली आणि तुमच्याकडे बदामचा एकटाच एक्का असला, तर होल्डेममध्ये फ्लश झाला, ओमाहात नाही. नवशिके इथेच फसतात. होल्डेममध्ये पाच पानं निवडायच्या वाटा २१, ओमाहात ६०. त्यामुळे समोरच्याकडेही काहीतरी तगडं असणारच हे धरून चालावं लागतं. दोन जोड्यांवर छाती फुगवणं तिथे महागात पडतं.

शॉर्ट डेक नावाच्या पोकरमध्ये दुर्री ते पंजी पानं काढून टाकतात, उरतात ३६. एका रंगाची पानं तेराची नऊ होतात आणि एकाच रंगाचे पाच पानांचे हात, सरळ क्रमाचे धरूनही, फक्त ५०४. फुल हाउस, म्हणजे सारखी तीन पानं आणि एक जोडी, १,७२८. नेहमीच्या पोकरात फुल हाउस फ्लशवर मात करतं. इथे नेमकं उलट.

एवढं होईपर्यंत शेवेचं ताट रिकामं झालं होतं आणि शेंगा तशाच मध्ये पडून. वहिनी कंटाळून म्हणाल्या, "तीन नको, पाच नको, चार पानांचं खेळा."

मी तेही मांडलं. चार पानांत कलर २,८१६, सिक्वेन्स २,७७२. फरक ४४ हातांचा.

"म्हणजे सिक्वेन्सच मोठा," म्हणत काकांनी शेंगा पुढ्यात ओढल्या आणि पत्ते पिसायला घेतले.